कलानीत

बाळाच्या नावांच्या याद्यांत सगळ्यात आळशी रकाना अर्थाचा. 'कलानीत, हिब्रू, एक फूल.' झालं! कुठलं फूल, कधी येतं, कशावरून ओळखायचं, याचा पत्ता नाही.

हिब्रूत 'कला' म्हणजे नवरी, तिच्यावरून कलानीत, म्हणजे इंग्रजीतलं ॲनिमोन. शेवटचा 'ईत' स्त्रीलिंगी. नवरी का, ते फेब्रुवारीत इस्रायलच्या दक्षिणेला, नेगेव वाळवंटाच्या उत्तर भागात गेलं की कळतं. पाऊस होऊन गेलेला, गवत वीतभर वाढलेलं आणि त्यात नजर पोचेल तिथवर लाल. देशाच्या उत्तरेला, गालीलकडे हीच फुलं पांढरी, गुलाबी, जांभळीही दिसतात. इथे मात्र जवळजवळ सगळी लालच.

गफलत होते ती नुरीतशी, म्हणजे रॅननक्युलसशी. अरामी भाषेत 'नूरा' म्हणजे आग. तीही लाल, तेही मुलीचं नाव. अशा वेळी खाली वाकून फुलाची पाठ बघावी. (तोडू नये. 1960च्या दशकात रानफुलं वाचवायची मोहीम झाली, तेव्हापासून तिथली शाळकरी पोरंसुद्धा तोडणाऱ्याला टोकतात.) नुरीतच्या पाकळ्यांखाली हिरवी निदलं असतात आणि पाकळ्यांना तेलकट चकाकी. कलानीतला निदलं नाहीत; फुलाखाली देठावर बारीक चिरलेल्या पानांचं कडं असतं. तिसरा लाल मानकरी पेरेग, म्हणजे रानखसखस. त्याच्या पाकळ्या चार, कळी मान खाली घातलेली. आधी कलानीत, मग नुरीत, शेवटी पेरेग, असा क्रम.

कलानीत कुंडीत लावायची हौस असेल तर वाळलेले गड्डे चार-पाच तास भिजवून साधारण 5 सेंटीमीटर खोल लावावेत. वरची बाजू कुठली ते कळत नाही, म्हणून आडवेच ठेवावेत. जास्त भिजले की कुजतात. पाणी धरणाऱ्या मातीतही तेच. पानं पिवळी पडली की पाणी बंद, कारण उन्हाळा त्यांचा झोपेचा. आपल्याकडे नेमका त्या झोपेतच पाऊस कोसळतो, तेव्हा मे महिन्याआधी गड्डे काढून कोरड्यात ठेवलेले बरे. कोकणातून इस्रायलला गेलेले बेने इस्राएल ज्यू या बाबतीत सुखी. त्यांच्यातले बरेच जण राहतात त्या दिमोना, बेर्शेबाहून ही लाल रानं फार लांब नाहीत.

पॅलेस्टाइनातल्या ब्रिटिश अमदानीच्या अखेरीस लाल टोप्यांच्या छत्रीधारी सैनिकांना तिथले लोक 'कलानीयोत' म्हणत: वरून लाल, आत काळीज काळं. फुलाचा गाभा खरंच काळसर असतो. म्हणजे नवरीचं नाव शिवी म्हणूनही वापरून झालं. पुढे 2013 साली तेच फूल इस्रायलचं राष्ट्रीय फूल ठरलं.

सर्वांत प्रसिद्ध लाल रानं गाझाच्या सीमेजवळच्या बेएरी, रेईम या वस्त्यांच्या आसपास. 7 ऑक्टोबर 2023च्या हमासच्या हल्ल्यानंतर ही नावं जगाला वेगळ्याच कारणाने माहीत झाली. रेईमला मारल्या गेलेल्यांच्या आठवणीसाठी भाजलेल्या मातीची कलानीतची फुलं रोवली आहेत. हेच फूल कुंपणापलीकडे गाझातही येतं. तिथे त्याला अरबीत 'शकाइक अन्-नुमान' म्हणतात आणि तिथल्या माणसांनाही ते आपलंच वाटतं.