गणंग

जेवणात मटकीची उसळ होती, मोडही चांगले लांब आले होते, आणि तरीही एका घासाला दाढेखाली कचकन काहीतरी आले. खडा समजून बोटावर काढून पाहिला, तर तो मटकीचाच दाणा निघाला. रात्रभर पाण्यात राहून, दिवसभर ओल्या फडक्यात गुदमरून आणि वर कुकरच्या शिट्ट्या सोसूनही तो दुकानातून आला तसाच होता: तपकिरी, तुकतुकीत आणि टणक. अस्सल गणंग.

आमच्या आजीचे या जातीशी उभे वैर होते. श्रावणात वालाचे बिरडे करायचे ठरले की वाल आदल्या सकाळी भिजत पडत, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधले जात, आणि ती पुरचुंडी रोवळीत ठेवून वर पाटा नाही तर तांब्या चढे. दुसऱ्या दिवशी गाठ सोडण्याआधी आजी पुरचुंडीला नुसता तळहात लावून बघत असे. "ऊब धरलीय," असे ती म्हणाली की मोड आले असे खुशाल समजावे. त्या उबेचे कारण पुढे शाळेत कळले. दाणा जागा झाला की जोराने श्वास घेऊ लागतो, साठवणीतले पिष्ट मोडून खर्चायला काढतो, आणि त्या उलाढालीतली थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पाण्यातच बुडवून ठेवलेल्या कडधान्याला धड मोड येत नाहीत, आंबूस वास मात्र येतो, त्याचेही कारण हेच: त्याला पाण्याइतकीच हवा लागते.

मग कोमट पाण्यात टाकलेले वाल सोलायला आम्हा मुलांना परातीभोवती बसवले जाई. अंगठ्याने जरा दाबले की डाळिंबी सुळकन निसटे आणि सालपट चिमटीत राही. सोलण्यापेक्षा मला निरखण्यात रस होता, त्यामुळे माझ्या वाट्याचा ढीग नेहमी लहान असे. वालाच्या कडेला पांढरी जाड रेघ असते; मोड वाटेल तिथून फुटत नाही, त्या रेघेच्या टोकाशीच फुटतो. भिजू लागलेल्या दाण्याची साल आधी सुरकुतते, कारण पाणी पिऊन ती सैलावते तेव्हा आतला गर अजून कोरडाच असतो. गर फुगला की सुरकुत्या भरून येतात, साल ताणली जाते आणि शेवटी तडकते. तिथून जो पांढरा मोड डोकावतो ते मूळ असते. पाने अजून आतच असतात. डाळिंबीची दोन दळे अलगद उघडली, तर त्यांच्या बेचक्यात घडी घालून ठेवलेली इवलीशी पिवळट पाने दिसतात. ती पाहून झाली की ती डाळिंबी मी खाऊन टाकत असे, म्हणजे पुरावा उरत नसे.

न भिजलेले वाल आजी वेचून परसात भिरकावत असे. पुढे कधीतरी कुंपणावर वालाचा वेल चढलेला दिसला, तर त्याचे श्रेय ती शेजारणीला देई.

गणंगाचा सारा हट्ट त्याच्या सालीत असतो. सालीच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या असतात की पाण्याला शिरकावच मिळत नाही; आतला जीव मात्र शाबूत असतो. खात्री करायची असेल तर असा कच्चा दाणा काचकागदावर एका बाजूने जरासा घासावा आणि पुन्हा पाण्यात टाकावा. बाकीच्यांसारखा तोही निमूटपणे फुगतो. मातीत हे घासण्याचे काम ऊन, पाऊस आणि सूक्ष्मजीव सवडीने करतात. पहिल्या पावसाबरोबर रस्त्याकडेला उगवणारा आणि कोकणात भाजीसाठी खुडला जाणारा टाकळा याच वळणाचा आहे. त्याचे सगळे बी एकाच पावसाला भुलत नाही. काही आता उगवते, काही आठवड्यांनी, तर काही थेट पुढल्या वर्षांसाठी मातीत दबा धरून बसते.

हा दबा किती काळ टिकतो हे पाहण्यासाठी विल्यम बील या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली मिशिगनमध्ये २० बाटल्यांत तणांचे बी वाळूत मिसळून पुरून ठेवले. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची, हा नेम त्याच्यानंतरच्यांनी आजवर चालवला आहे. २०२१ साली, बियांवर उजेड पडू नये म्हणून रात्रीच्या अंधारात, एक बाटली बाहेर काढली गेली, आणि १४२ वर्षांनंतरही तिच्यातले काही बी रुजले. शेवटच्या बाटलीची पाळी २१०० साली येणार आहे. आमच्या परसात असल्या नोंदी कोणी ठेवल्या नाहीत.

शेतातल्या धान्याची ही खोड आपण हजारो वर्षे निवडून निवडून काढून टाकली. पेरले की सगळे एकदम उगवले पाहिजे, तेच बी चांगले. नवरात्रातल्या घटातही आपण तेच पाहतो. देवघराच्या अंधुक उजेडात पिवळी, उंच पाती दाट आली की घरातली माणसे समाधानाने माना डोलावतात. पेरणीआधी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि निदान ७० उगवले तरच ते बी शेतात नेण्यालायक मानतात, तेही याच हिशेबाने. त्या हिशेबात गणंग हा नापासच.

आणि मग एखाद्या जूनमध्ये पहिली सर दणकून येते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पण शेजारच्या शेतात तिफण फिरताना दिसली की बांधावर उभ्या माणसाला धीर धरणे कठीण जाते. आज्ञाधारक बी चार-सहा दिवसांत एकजात वर येते. वाकलेली मान सरळ करते, दोन दळे पसरते. पुढे पाऊस पंधरा-वीस दिवस तोंड दाखवत नाही. मागे राहिलेला, वाट बघणारा एकही दाणा त्या वावरात नसतो. असते ते बांधावरचे तण, आणि दुबार पेरणीसाठी बियाण्याची दुसरी पिशवी उधारीवर मिळेल का, हे विचारायला तालुक्याला निघालेला माणूस.