पिशवी नसलेल्या बाईचा रिपोर्ट

दसरा तोंडावर आला की बीड जिल्ह्यातल्या आमच्या ओपीडीत ऊसतोडीला निघालेल्या बायकांची गर्दी होते. त्या दिवशी तिशी ओलांडलेली एक सून आली, सोबत सासू. "अंगावरून पांढरं जातंय मॅडम, पिशवी काढून टाका. मुकादमाची उचल घेतलीय, फडात खाडा परवडत न्हाई."

तपासायला घेतलं. गर्भपिशवीच्या तोंडाला अॅसिटिक आम्लाचा बोळा लावून मिनिटभर थांबले. बिघडलेल्या पेशी असल्या तर तिथं पांढरा डाग उठतो. काही उठलं नाही. साधा जंतुसंसर्ग, गोळ्यांनी बरा होणारा.

सासूला म्हटलं, "तुम्हीपण चढा टेबलावर."

"माझी पिशवीच न्हाई. कवाच काढली."

"लाल जातं का कधी?"

ती सुनेकडं बघून गप्प बसली. मग, "जातं मधूनमधून. वास बी येतो."

पिशवी काढलेल्या बाईला लाल जायचं कारणच काय? आत बघायचं साधन, स्पेक्युलम, घातला आणि उलगडा झाला. खासगीत ऑपरेशन करताना वरची पिशवी काढली होती, तोंड तसंच ठेवलेलं. त्यावर फुलकोबीसारखी गाठ, बोळा लागताच भळभळली. चिमट्यानं तुकडा घेतला, फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला. जुनी फाईल मागवली, तर त्यात बिलं होती. ऑपरेशनआधीच्या तपासणीचा कागद नाही, काढलेली पिशवी तपासायला पाठवल्याचाही नाही.

माझा राग त्यावर आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,००० वर बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं, म्हणजे हा आजार घडवणारा विषाणू शोधणाऱ्या चाचणीनं, पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये छापूनही आलं. आणि इथं अंगावर पांढरं गेलं की चाचणीच्या आधी सुरी!

रिपोर्ट आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सरच. आजूबाजूलाही पसरलेला, म्हणजे आता ऑपरेशन नाही, रेडिएशनचा शेक आणि केमो. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली, सरकारी योजनेत बसेल हेही सांगितलं.

सासूनं चिठ्ठी कनवटीला लावली. "आन् कोयता कोण धरंल?"

सून म्हणाली, "यंदा मी तुमच्यासंगं दवाखान्यात. मुकादमाला आमचे मालक बघतील."

गोळ्या मात्र ती खिडकीवरच विसरून निघाली होती; सिस्टर मागं धावल्या.