तुम्ही विचारलंत म्हणून: कॅनडा काय नि अमेरिका काय, एकच ना?

कोरियातल्या दिवसांबद्दल बोलायला लागले की माझ्या बोलण्यात दोन माणसं येतातच. एक कॅनडातल्या विनिपेगचा मित्र, दुसरी अमेरिकेतल्या मिनेसोटाची मैत्रीण. आणि ती दोघं कशी भांडायची हे सांगितलं की कोणीतरी हमखास विचारतं, "अगं, कॅनडा काय नि अमेरिका काय, एकच ना? मग भांडतात कशावरून?" दिवाळीत मावशीने विचारलं, परवा ऑफिसातल्या एका मुलाने विचारलं. दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देते आणि नंतर चुटपुट लागते. म्हणून एकदा नीट लिहिते.

मी सांगलीची आहे. पुण्यात शिकायला आले तेव्हा वसतिगृहात पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "म्हणजे कोल्हापूरचीच ना तू?" पुढची चार वर्षं मी कोल्हापूरची होते. मिसळीचा विषय निघाला की सगळ्या माझ्याकडे बघायच्या. कोल्हापूरवर माझा राग नाही, माझी सख्खी आत्या तिथे दिली आहे. पण हळदीचा वास असलेलं माझं गाव, कृष्णेचा घाट, आमचं गणपतीचं देऊळ, हे सगळं पन्नास किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावाच्या नावाखाली झाकलं जायचं, आणि "नाही हो, सांगली" म्हणायला दर वेळी तोंड उघडावं लागायचं. हे मुद्दाम सांगते, कारण सोलमध्ये मला विनिपेगच्या मित्राचं दुखणं पहिल्याच दिवशी कळलं ते यामुळे.

2014 मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सोलला गेलो. मी कोरियन भाषेच्या वर्गाला नाव घातलं. पहिला धडा सगळीकडे असतो तोच, मी अमुक, मी तमुक देशाची. बाईंनी माझ्या शेजारच्या उंच, गोऱ्या माणसाकडे बघून विचारलं, "मिगुक साराम?" म्हणजे अमेरिकन का? त्याचा चेहरा क्षणभर पडला. मग तो अतिशय स्वच्छ उच्चारात म्हणाला, "आनियो, केनादा साराम." नाही, कॅनडाचा. बाकी वर्गाला अजून मुळाक्षरं येत नव्हती. मी नंतर विचारलं, एवढं छान कसं काय येतं? म्हणाला, येऊन तीन आठवडे झाले, टॅक्सीवाला, घरमालक, भाजीवाली आजी सगळे हेच विचारतात, म्हणून हे वाक्य आधी पाठ केलं. आमच्या मागच्या बाकावरून एक बाई मोठ्याने हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "बाबा रे, इतकं वाईट आहे का आमच्यासारखं दिसणं?" ती मिनेसोटाची. पुढची पाच वर्षं आम्ही तिघं जवळजवळ दर शनिवारी एकत्र जेवलो.

नकाशा उघडून बघा. विनिपेगपासून अमेरिकेची हद्द शंभरेक किलोमीटरवर, आणि हद्दीपलीकडे मिनेसोटा. दोन्हीकडे हिवाळ्यात उणे तीसपर्यंत पारा उतरतो, दोन्हीकडे तळी गोठली की पोरं बर्फावर हॉकी खेळतात. बोलण्याची ढबसुद्धा बाहेरच्याला एकच वाटते. मला तर वर्षभर फरक कळत नव्हता. मायदेशी असते तर ही दोघं बहुधा एकमेकांच्या गावी मासे पकडायला गेली असती आणि देशाचा विषयही निघाला नसता. परदेशात मात्र सगळं जग एकाच शब्दात दोघांना बसवतं, आणि तो शब्द नेहमी एकाचाच असतो. तिला कधी कोणी "कॅनडाची का?" असं विचारलं नाही. त्याला रोज विचारत. कॅनडा चार कोटींचा देश, अमेरिका चौतीस कोटींचा. 1969 मध्ये कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रुदो वॉशिंग्टनमध्ये म्हणाले होते की तुमच्या शेजारी राहणं म्हणजे हत्तीशेजारी झोपणं आहे, हत्ती कितीही गरीब स्वभावाचा असला तरी त्याची प्रत्येक हालचाल आम्हाला जाणवते. पंचावन्नहून जास्त वर्षं झाली तरी कॅनडातल्या माणसाला हे वाक्य तोंडपाठ असतं. अमेरिकेतल्या फार थोड्यांनी ते ऐकलेलं असतं, आणि तिने ते पहिल्यांदा ऐकलं तेही त्याच्याच तोंडून.

भांडायची त्यांची ठरलेली खाती होती. टेलिफोन कोणाचा? तो म्हणायचा, ग्रॅहम बेलला कल्पना सुचली ती ओंटारिओतल्या ब्रँटफर्डला. ती म्हणायची, यंत्र बोललं ते बॉस्टनमध्ये. बास्केटबॉल? 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमध्ये हा खेळ काढला जेम्स नेस्मिथने, आणि नेस्मिथ कॅनडात जन्मलेला. त्यावर दोघांचाही हक्क आणि दोघांचंही खरं. सगळ्यात रंगायचं ते अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातलं 1812 चं युद्ध. दोन पेले सोजू, म्हणजे तिकडची दारू, झाली की तो म्हणायचा, "आम्ही तुमचं व्हाइट हाऊस जाळलंय." ती शांतपणे मोजायला लागायची. जाळलं 1814 च्या ऑगस्टमध्ये, जाळणारे इंग्रज शिपाई, आणि तुझा देश जन्मला 1867 मध्ये, म्हणजे त्रेपन्न वर्षांनी. मग तो म्हणायचा, त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही आमचं यॉर्क, म्हणजे आजचं टोरोंटो, जाळलंत त्याचं काय? इथे ती गप्प व्हायची, कारण ते खरं होतं आणि तिच्या शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. एके दिवशी तिने घरी जाऊन वाचलं आणि पुढच्या शनिवारी आल्या आल्या म्हणाली, "यॉर्कबद्दल तुझं बरोबर आहे." मला ती त्या दिवशी फार आवडली.

थँक्सगिव्हिंगची, म्हणजे सुगीनंतर आभार मानायच्या सणाचीही तीच गत. कॅनडाचं ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, अमेरिकेचं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. उत्तरेकडे थंडी लवकर म्हणून सुगीही लवकर, एवढं साधं कारण. पण ती म्हणायची, आमच्या सणामागे 1621 मधल्या पहिल्या वसाहतवाल्यांच्या सुगीच्या जेवणाची गोष्ट आहे, तुमच्यामागे काय? तो म्हणायचा, 1578 मध्ये आमच्या उत्तरेत पोचून देवाचे आभार मानणारा इंग्रज दर्यावर्दी फ्रोबिशर. सोलमधल्या बहुतेक घरांत ओव्हन नसतो, त्यामुळे टर्की भाजायची सोय नाही. दोघंही दोन्ही वेळा बाजारातून भाजलेली कोंबडी आणायची आणि भोपळ्याचा 'पाय', म्हणजे सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ, नेमका कोणाचा यावर वाद घालायची. तिसऱ्या वर्षी मी लाल भोपळा किसून गुळात शिजवला, त्यात मावेल तेवढी कणीक मळून घारगे केले. गॅसवर, कढईत. तळताना दोघं कढईशेजारी उभी होती, घारगा फुगला की एकदम "ओह" म्हणायची. पाय कोणाचा हा प्रश्न त्या दिवशी निघाला नाही. नंतर दर ऑक्टोबरात आणि दर नोव्हेंबरात घारगे होऊ लागले.

आता मावशीचा दुसरा प्रश्न: भांडण खरं की खोटं? मी म्हणेन, खरं. पण आपल्याकडे नणंद-भावजयी उखाण्यात एकमेकींना चिमटे काढतात तसं खरं. चिमटा लागतो, आणि लागतो म्हणूनच त्याला अर्थ असतो. कुठे थांबायचं हे ठाऊक असावं लागतं. दोन प्रसंग सांगते.

तो एका हागवोनमध्ये, म्हणजे खासगी शिकवणीत, लहान मुलांना इंग्रजी शिकवायचा. मूळाक्षरं शिकवताना शेवटचं अक्षर तो झेड म्हणायचा. कॅनडात झेडच म्हणतात. एका पालकांनी तक्रार केली आणि मालकांनी सांगितलं, उद्यापासून "झी" म्हणा, आई-वडिलांना अमेरिकन इंग्रजी हवं असतं. त्या शनिवारी तो जेवला नाही नीट. एका अक्षरासाठी काय एवढं, असं बाहेरच्याला वाटेल. पण त्याच्या आजीने ते अक्षर त्याला शिकवलं होतं, आणि आता रोज पंचवीस पोरांपुढे ते गिळायचं होतं. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे सगळा भारत झेड म्हणतो. त्याचा चेहरा जरा खुलला. गंमत म्हणजे मिनेसोटावालीने, जिच्या हातात त्या दिवशी आयतं कोलीत होतं, एक शब्दही टोमणा मारला नाही. उलट म्हणाली, तुझ्या मालकांना मी येऊन सांगू का की अमेरिकेतही झेड समजतं?

दुसरा प्रसंग 22 फेब्रुवारी 2018 चा. प्योंगचांगचं हिवाळी ऑलिंपिक, बायकांच्या आइस हॉकीची अंतिम लढत, अर्थात कॅनडा विरुद्ध अमेरिका. कॅनडाने आधीची सलग चार सुवर्णं जिंकलेली. अमेरिकेचं शेवटचं सुवर्ण 1998 चं. आम्ही तिघांनी पैसे साठवून तिकिटं काढली होती. हॉकीचे सामने गांगनुंगला होते, तिथे सोलहून केटीएक्स या नव्या वेगवान गाडीने गेलो. मी दोघांच्या मध्ये बसले, माझ्या एका गुडघ्यावर मेपलच्या पानाचा झेंडा, दुसऱ्यावर ताऱ्यांचा. निर्धारित वेळेत 2-2. जादा वेळेत निकाल नाही. शूटआउट. पाच-पाच फटक्यांनंतरही बरोबरी. मग नॉर्थ डकोटाची जोसलिन लामुरो-डेव्हिडसन सरळ आली, एकदा इकडे, एकदा तिकडे हूल दिली, गोलरक्षिका आडवी झाली आणि चकती अलगद आत गेली. वीस वर्षांच्या मॅडी रूनीने कॅनडाचा पुढचा फटका अडवला आणि खेळ संपला. रूनी मिनेसोटाची. माझी मैत्रीण उभी राहून ओरडत होती, रडत होती. पदकं देताना कॅनडाच्या एका खेळाडूने रुपेरी पदक गळ्यात पडताच काढून हातात घेतलं. माझ्या उजवीकडचा माणूस तेव्हा झेंड्याची घडी घालत होता. चारी कोपरे जुळवून, पुन्हा उलगडून, पुन्हा.

बाहेर पडल्यावर ती आम्हाला चोदांगला घेऊन गेली. समुद्राच्या पाण्याने विरजलेल्या टोफूसाठी ती वस्ती प्रसिद्ध आहे. गरम सुंदुबू आलं. तिने त्याच्या वाटीत आधी वाढलं. जेवणभर हॉकी हा शब्द तिच्या तोंडून आला नाही, परतीच्या गाडीतही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिचा निरोप आला, फक्त चकतीचं चित्र. त्याचं उत्तर आलं, "आता चालेल." एक रात्र पुरी जाऊ द्यायची हे कोणी ठरवलं नव्हतं.

सोलपासून जवळ गाप्योंग म्हणून गाव आहे. आपले पर्यटक तिथून जवळच्या नामी बेटावर फोटो काढायला जातात. कोरियन युद्धात, 1951 च्या एप्रिलमध्ये, तिथे चिनी फौजेला अडवताना कॅनडाची एक पलटण 677 नंबरच्या टेकडीवर वेढली गेली. दारूगोळा आणि अन्न संपत आलं तेव्हा अमेरिकन विमानांनी पॅराशूटने सामान टाकलं. टेकडी राहिली, कॅनडाचे दहा जवान गेले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दिलं जाणारं सन्मानपत्र त्या पलटणीला मिळालं. ती पलटण ज्या राष्ट्रकुल ब्रिगेडमध्ये होती तिच्याबरोबर आपली 60 वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स ही लष्करी वैद्यकीय तुकडी, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालची, होती, हे मी नंतर वाचलं. स्मारकापाशी आम्ही गेलो तेव्हा दोघं बराच वेळ काही बोलली नाहीत. मग तिनेच तेहरानची गोष्ट काढली. 1979 मध्ये तिथली अमेरिकेची वकिलात इराणी विद्यार्थ्यांच्या ताब्यात गेली तेव्हा निसटलेल्या सहा अमेरिकनांना कॅनडाचे राजदूत केन टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरात लपवलं आणि 1980 च्या जानेवारीत कॅनडाच्या पासपोर्टवर बाहेर काढलं. "त्या वेळी," ती म्हणाली, "आम्हीच केनादा साराम होतो."

मी 2020 मध्ये परत आले. ती त्याआधीच मिनेसोटाला गेली होती. तो सोलमध्येच राहिला, लग्न केलं, मुलगी झाली. आमचा तिघांचा गट फोनवर चालू होता आणि 1812 चं युद्धही. मग 2024-25 च्या हिवाळ्यात कॅनडाला अमेरिकेचं 51 वं राज्य म्हणायची भाषा खुद्द राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या ट्रंप यांच्या तोंडून सुरू झाली, पाठोपाठ आयात शुल्काची घोषणा आली. कॅनडातल्या मैदानांवर अमेरिकेच्या राष्ट्रगीताला लोक हुर्यो करू लागले. आणि आमच्या गटात शांतता पसरली. ती तिरकस बोलायची थांबली, तो उत्तर द्यायचा थांबला. मला त्या शांततेची भीती वाटली, भांडणाची कधी वाटली नव्हती. तुझ्या घराची भिंत जुनी आहे असं शेजारणीला म्हणता येतं, ते भिंत तिची आहे हे दोघींना मान्य असतं म्हणून. भिंत माझीच आहे असं म्हटलं की पुढे चेष्टा होऊच शकत नाही. तिने त्या राष्ट्राध्यक्षांना मत दिलं नव्हतं, पण तेवढं सांगून भागणार नाही हे तिला कळत होतं.

20 फेब्रुवारी 2025 ला बॉस्टनमध्ये पुन्हा दोन्ही देशांची हॉकीची अंतिम लढत झाली, या वेळी पुरुषांची. कॅनडाच्या मॅकडेव्हिडने जादा वेळेत गोल केला, कॅनडा 3-2 ने जिंकला. मी पुण्यात सकाळी चहा घेत निकाल वाचला आणि गट उघडला. काही नाही. दिवसभर काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाजी निरोप आलेला होता, त्याच्या मुलीसाठी. पोरगी तीन वर्षांची, नुकती इंग्रजी मूळाक्षरं शिकते आहे. मिनेसोटाची मावशी तिला अक्षरांचं गाणं म्हणून दाखवत होती, जरा बेसूर, सगळी सव्वीस अक्षरं. शेवटी आलं, "डब्ल्यू, एक्स, वाय अँड झेड."

थोड्या वेळाने त्याने लिहिलं, "यमक जुळत नाही."

तिने लिहिलं, "माहीत आहे. तुमचं कधीच जुळत नाही."

आणि पाच मिनिटांत ती दोघं व्हाइट हाऊसवर आली.