दोन ‘ट्विन फँटसी’, एकाच बैठकीत

आज कार सीट हेडरेस्ट या रॉक बँडचे दोन्ही ‘ट्विन फँटसी’ अल्बम लागोपाठ ऐकले. २०११ चा बँडचा गायक विल टोलेडोने एकोणिसाव्या वर्षी लॅपटॉपवर रेकॉर्ड करून स्वतःच बँडकॅम्प या संगीताच्या वेबसाइटवर टाकलेला. २०१८ चा मॅटाडोर या रेकॉर्ड कंपनीसाठी बँडसोबत नव्याने वाजवलेला.

तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि निम्मे वाद तिथेच फसतात.

समीक्षकांनी नव्याला भरभरून दाद दिली आणि ती रास्तच आहे. ‘फेमस प्रॉफेट्स’ हे गाणं दहा मिनिटांवरून सोळावर गेलं, तरी कुठे सैल पडत नाही. पण जुन्या चाहत्यांचा हट्टही मला पटतो. ‘नर्व्हस यंग इनह्युमन्स’ या गाण्याच्या शेवटचं बोलणं बदललं, हे अनेकांना अजून सलतं.

जुन्यातली खरखर नीट ऐका. डिजिटलमध्ये सिग्नल शून्य डेसिबलच्या वर गेला की लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि मिक्समध्ये फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) कितीही खाली ओढला तरी तो परत येत नाही. म्हणून घरी रेकॉर्ड करणाऱ्यांनो, रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा, सगळ्यात जोरात गाऊन बघा आणि गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) असा लावा की मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल. टोलेडोच्या ओरडण्याला मात्र ती कापलेली धार शोभते. शब्द गिटारखाली बुडतात, मग आपण कान पुढे करतो. नव्यात तसं करावं लागत नाही.

मी अजून जुन्याच्याच बाजूने.