दोन लाख किलोमीटर चाललेली डिझेल गाडी घ्यावी का?

सध्या डोक्यात एकच विषय आहे, जुनी डिझेल गाडी. बघितलीय, आवडलीय, पण ज्याला म्हणून सांगावं तो आधी विचारतो किती चाललीय, आणि मी २ लाख १० हजार म्हटलं की लगेच मान हलवतो. संपली म्हणे ती. घरातही तेच, मेहुणा तर म्हणाला त्यापेक्षा ती दुसरी घ्या ना, ८५ हजारच तर चाललीय.

या दोन गाड्यांवर मी बराच विचार केलाय, ओळखीच्या मेकॅनिकला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलंय, आणि आता माझं मत पक्कं झालंय. कुणी याच विचारात असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आकड्याचंच बघू. २ लाख १० हजारवाली गाडी पहिल्यापासून एकाच माणसाकडे, त्याचं कामच फिरतीचं, त्यामुळे जवळजवळ सगळं रनिंग हायवेचं. ८५ हजारवाली शहरातल्या शहरात फिरलेली, मुलांना सोडणं-आणणं, ऑफिस, जवळपासची कामं. आता हायवेला थांबणं-बिंबणं सगळं धरून सरासरी ६० चा स्पीड धरला तर २,१०,००० किलोमीटरला इंजिन चाललं साधारण ३,५०० तास. आणि शहरातल्या ट्रॅफिकमध्ये सरासरी २० च्या वर कुठे जाते गाडी, म्हणजे ८५,००० ला झाले ४,२५० तास. कमी चाललेल्या गाडीचं इंजिन जास्त वेळ फिरलंय! शिवाय त्या तासांत किती वेळा थंड इंजिनला सेल्फ मारला असेल, किती वेळा क्लच दाबला-सोडला असेल, सिग्नलला नुसती गुरगुरत उभी किती राहिली असेल, त्यातलं काहीच मीटरवर येत नाही. आणि इंजिनची जास्त झीज होते ती थंड असतानाच, ऑइल नीट पोचेपर्यंत आणि तापेपर्यंत. डिझेल तर पेट्रोलपेक्षा उशिरा तापतं, आयडलला, म्हणजे गाडी नुसती चालू ठेवून उभी असताना, फारशी उष्णताच तयार होत नाही त्याच्यात.

त्यामुळे नुसतं किती चाललीय हे विचारून काही कळत नाही, कशी चाललीय ते विचारायला पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. डिझेल इंजिन मरतच नाही हो, पाच लाख सहज जातं, असं छातीठोकपणे सांगणारे. त्यांचंही अर्धंच खरं आहे. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतो, हवा इतकी दाबली जाते की ती तापूनच डिझेल पेट घेतं, आणि तो दाब सोसायचा म्हणून ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळं मुळातच दणकट बनवतात. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने १९७६ ची मर्सिडीज २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवून २००४ साली कंपनीच्या म्युझियमला दिली, ही गोष्ट हे लोक हमखास सांगतात. खरी आहे ती. पण त्या गाडीत मधल्या काळात अनेकदा इंजिनं काढून-बदलून बसवली होती हे सांगायचं राहून जातं. आणि मुख्य म्हणजे त्या इंजिनला ना टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) होता, ना सेन्सर, ना धुराचं फिल्टर. साधा मेकॅनिकल पंप, बस.

आजची डिझेल गाडी वेगळी आहे. १९९७ ला अल्फा रोमिओ १५६ या कारमध्ये पहिल्यांदा कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाईपातून मोठ्या दाबाने डिझेल पुरवायची पद्धत) आलं, तेव्हा डिझेलचा दाब १,३५० बारच्या आसपास होता, आता २,००० च्याही वर जातो. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. २००० साली प्यूजो ६०७ मध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारं फिल्टर आलं, आणि मग हळूहळू सगळ्यांनाच बसवावं लागलं. म्हणजे इंजिन तेच दणकट राहिलं पण त्याच्या भोवती लटकवलेल्या वस्तू नाजूक आणि महाग झाल्या. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे), हाय प्रेशर पंप, टर्बो, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), डीपीएफ, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे झटके शोषणारं दोन भागांचं चाक). दोन लाखाच्या आसपास इंजिन नाही संपत, ही मंडळी एकेक करून खर्चाला येतात. माझ्या मते जास्त रनिंगची डिझेल घेताना प्रश्न एवढाच असतो, यातलं काय काय आधीच्या मालकाने बदलून झालंय आणि काय आपल्या गळ्यात पडणार आहे.

डीपीएफबद्दल जरा नीट सांगतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. फिल्टरमध्ये काजळी साठत जाते, ती जाळायला साधारण ६०० डिग्री लागतात. हायवेला गाडी तापलेली असते त्यामुळे हे काम सोपं होतं. शहरात तेवढं तापमान मिळत नाही, मग गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून फिल्टर तापवते, त्याला पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं, आणि आपण मध्येच पोचलो म्हणून गाडी बंद केली की ते अर्धवट राहतं. असं परत परत झालं की ते न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक काढली आणि ऑइल कमी असायच्या ऐवजी मॅक्सच्या खुणेच्या वर दिसलं, आणि डिझेलचा वास आला, तर खूश होऊ नका की वा काय काळजी घेतलीय, ते ऑइल पातळ झालंय आणि त्याच ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग चालतायत. ८५ हजारवालीत मला नेमकं हेच दिसलं. मालक बिचारा प्रामाणिक होता, त्याला माहीतच नव्हतं. (ऑइल काळं असणं मात्र डिझेलमध्ये नॉर्मल आहे, बदलल्यावर थोड्याच दिवसात काळं होतं, त्यावरून काही ठरवू नये.)

आणि काजळी जळते पण राख जळत नाही. ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख त्या फिल्टरमध्ये कायमची साठते, त्यामुळे हायवेवर चाललेल्या गाडीचंही फिल्टर कधीतरी भरणारच, काढून साफ करायचं किंवा नवीन टाकायचं. दोन लाखवाली घेणार असाल तर हा खर्च धरूनच चाला. काही लोक मग फिल्टर पोकळ करून टाकतात आणि कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून लाइट बंद करतात. अशी गाडी मी तरी घेणार नाही, एक तर धुराच्या तपासणीत अडकेल आणि दुसरं म्हणजे तो धूर कुणाच्या तरी नाकात जाणारच ना. ओळखायला सोपं आहे, सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा, डीपीएफ धड असेल तर बोटाला जवळपास काही लागत नाही. बोट काळंकुट्ट झालं तर विचारा.

बघायला जाताना मी एक गोष्ट पाळतो, आधी फोन करून सांगतो की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागला तर काहीतरी लपवायचंय असं मी धरून चालतो, कारण गरम इंजिन कुठलंही पटकन चालू होतं. थंड गाडी कशी सुरू होते, किती वेळ सेल्फ घेते, पहिला धूर कसा येतो हे बघायचंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा येऊन लगेच थांबला तर ठीक, येतच राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट. पिकअप घेताना काळा येत असेल तर हवा कमी पडतेय किंवा इंजेक्टर जास्त डिझेल सोडतायत. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून उलटं ठेवायचं, थोडं थरथरलं तर चालेल पण उडून पडायला लागलं आणि आतून भसाभसा वाफ यायला लागली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा. गाडी बंद करताना खडखड आवाज आला, किंवा क्लच सोडताना झटके बसले तर फ्लायव्हील. टर्बोच्या पाईपात थोडं तेलकट असणं चालतं, पण ऑइल साचलेलं नको.

इंजेक्टरची तपासणी मात्र मेकॅनिककडूनच करा, आणि करू देत नसेल तर ती गाडी सोडून द्या. आमच्या मेकॅनिकने २ लाख १० हजारवालीवर केली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. प्रत्येक इंजेक्टरला एक बारीक रिटर्न पाईप असते, जादा डिझेल टाकीकडे परत नेणारी. त्याने त्या चारही काढल्या, त्या जागी पारदर्शक नळ्या लावून चार छोट्या बाटल्या बॉनेटखाली ओळीने लटकवल्या आणि गाडी आयडलला ठेवली. चारही बाटल्यांत थेंब थेंब डिझेल पडायला लागलं. इंजेक्टर आतून झिजलेला असेल तर त्याची बाटली बाकीच्यांच्या कितीतरी आधी भरते, आणि चारातली एक जरी अशी पळाली तरी बिल मोठं असतं. आम्ही दोघंही गप्प उभे राहून बघत होतो. तीन एका रेषेत, तिसऱ्या नंबरची थोडी वर, पण फरक करंगळीच्या नखाएवढा. तो म्हणाला एवढं चालतं. नंतर स्कॅनर लावून करेक्शनचे, म्हणजे कुठल्या इंजेक्टरचं डिझेल कॉम्प्युटरला किती कमी-जास्त करावं लागतंय त्याचे, आकडे बघितले तर तिसऱ्याचाच थोडा जास्त, म्हणजे दोन्हीचा मेळ बसला. मला त्या बाटल्यांनी जेवढा भरवसा दिला तेवढा विकणाऱ्याच्या कुठल्याच बोलण्याने दिला नव्हता.

मीटर मागे घेतलाय का हेही बघावं लागतंच. सर्व्हिसच्या पावत्या तारखेने लावून किलोमीटर चढत गेलेत का बघायचं, पेडलचं रबर, स्टिअरिंगची वरची कड, ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू, हे सगळं खरं बोलतं. टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, त्यावरून टायर कधीचे ते कळतं. आणि बऱ्याच गाड्यांत मीटरशिवाय दुसऱ्या युनिटमध्येही किलोमीटरची नोंद राहते, स्कॅनरवाल्याला तेवढं शोधायला सांगा. खरं सांगू का, २ लाख १० हजार असं उघड लिहून विकणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो, पाडायचाच असता तर एवढा कशाला ठेवला असता.

पण गाडी कितीही चांगली निघाली तरी तुमचं स्वतःचं रनिंग काय हे आधी विचारा, माझ्या मते गाडीच्या तपासणीपेक्षाही हे महत्त्वाचं. मेहुण्याचं ऑफिस चार किलोमीटरवर आहे. त्याने हीच गाडी घेतली तर वर्षभरात डीपीएफ तुंबेल, ईजीआर काजळीने भरेल, आणि तो म्हणेल गाडी खराब लागली. त्याला मी स्पष्ट सांगितलं, तू पेट्रोलच घे. माझं आठवड्यातून बऱ्याचदा लांब जाणं असतं, इंजिन नीट तापून तास-दोन तास एका लयीत चालतं, ॲव्हरेजचा फायदाही अशाच वापरात मिळतो. जादा रनिंग नसेल तर डिझेलवर वाचलेले पैसे एका इंजेक्टरमध्ये जातील. आणि हो, तुमच्याकडे जुन्या डिझेलवर काही बंधनं आहेत का, येणार आहेत का तेही बघून घ्या. लंडनमध्ये २०१९ पासून युरो ६ (युरोपातला धुराचा नियम) च्या खालच्या डिझेल गाडीला मध्यभागात शिरायचे रोजचे पैसे पडायला लागले, नंतर तो भाग वाढतच गेला. उद्या विकायला काढाल तेव्हा हाच मुद्दा गिऱ्हाईक काढणार.

पैशाचं माझं गणित सोपं आहे. हातात असलेल्या रकमेचा साधारण चौथा हिस्सा बाजूला ठेवायचा आणि उरलेल्यात बसेल तीच गाडी बघायची. सगळे पैसे गाडीतच घातले आणि दुसऱ्या महिन्यात टर्बो गेला तर मग लोक ढकलगाडी करत बसतात, सर्व्हिस टाळतात, आणि तिथून चांगली गाडी पण वाटेला लागते.

तर ८५ हजारवालीच्या मालकाला 'नको' असं कळवलं, आणि कारणही सांगितलं, निदान ऑइल लगेच बदला म्हटलं. २ लाख १० हजारवालीचं एक अडलंय, पावत्यांत क्लच आणि फ्लायव्हील बदलल्याची नोंद आहे पण टायमिंग बेल्टची नाहीये. मालक म्हणतो बदललाय, आणि माणूस खोटं बोलणारा वाटत नाही, पण बेल्ट तुटला तर पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन तिथेच बसतं, त्यामुळे कागद नाही म्हणजे बदललेला नाही असंच मी धरतोय. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच करायचं, त्याचा खर्च किमतीतून कमी करा असं त्यांना सांगितलंय. त्यांनी अर्धा मान्य केलाय. बहुतेक तेवढ्यावर मी हो म्हणेन, आणि गाडी ताब्यात घेतली की घरी न नेता सरळ गॅरेजलाच नेणार.