रात्री दोन वाजता कोण कोणाला उठवणार?

वस्त्यांमधले गट आमच्याकडे येतात ते बहुतेक वेळा एकच मागणी घेऊन: 'ताई, पेपरात बातमी आणून द्या.' बचत गट असो, युवक मंडळ असो, बातमी छापून आली की काम मार्गी लागेल अशी सगळ्यांची समजूत. आपलं म्हणणं कोणापर्यंत, कोणाकरवी आणि कधी पोचवायचं हे ठरवायला अशा गटांना मदत करणं, हे माझं काम. पूर्व नागपुरातल्या नाग नदीकाठच्या एका वस्तीने बोलावलं तेव्हाही बोलावणं बातमीसाठीच होतं. पावसाळा तोंडावर आला होता आणि २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तिथे कोणीच विसरलेलं नव्हतं.

त्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी पात्र सोडून शहरात शिरली. मोरभवनला बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या, अंबाझरी लेआउटमधून माणसं बोटीने काढावी लागली. इथे या वस्तीत धान्याचे डबे, मुलांचे दाखले, शिलाई मशीन, जे हाती लागलं नाही ते गेलं.

रविवारी दुपारी समाजमंदिरात सगळे जमले. मी एकच प्रश्न विचारला: त्या रात्री तुम्हाला कळलं कसं? कोणी खाटेवरून पाय खाली ठेवला तो थेट पाण्यातच. कोणाचं दार शेजारणीने बडवलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मेसेज पडला होता, पण तो पाहिला सकाळी, फोन चार्ज झाल्यावर. हवामान खात्याच्या इशाऱ्याचा विषय निघाला तेव्हा मी आकडे फळ्यावर लिहिले. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस पडला तर त्यांच्या वर्गवारीत तो 'जोरदार' पाऊस. तेवढाच पाऊस चार तासांत आला की आपल्या गल्लीचं काय होतं, हे त्या इशाऱ्यात लिहिलेलं नसतं. तो इशारा जिल्ह्यासाठी असतो. गल्लीचा इशारा गल्लीनेच तयार करायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मग खडूने फरशीवर वस्तीचा नकाशा काढायला घेतला. नदी, पूल, नाला, शाळा, विहार, किराणा दुकान. पाणी कुठून येतं म्हणाल्यावर तरुण पोरांनी नदीकडे बोट दाखवलं. कोपऱ्यातल्या एका आजींनी त्यांना थांबवलं. "नदी मागून येते रे बापा. पयले गडरीतून पानी वर येते, तिकडच्या घराईत. मंग नदी." बरोबरच आहे. नदी तुडुंब भरली की नाल्याचं पाणी तिच्यात जात नाही, उलटं फिरतं आणि चेंबरमधून वर येतं. म्हणजे पहिली खबर चेंबरजवळच्या तीन घरांना लागणार. त्या घरांवर खडूने गोल केले. रात्री उशिरा परतणारे ऑटोवाले भाऊ आणि पहाटे दूध वाटणारा पोरगा पुलाखालचं पाणी बघून सांगणार, हेही ठरलं.

खबर पोचवायची कशी, यावर सगळ्यांचं पटकन एकमत झालं: विहारातला भोंगा. बॅटरी आहे, आवाज मोठा आहे. मी तो कागदावर लिहीत होते, तेवढ्यात मागून एक बाई उभ्या राहिल्या. दवाखान्यात रात्रपाळी करतात. "भोंगा वाजन जी, पन माह्या पोट्ट्याले कोन उठवन? त्याले ऐकू येत नाई. मी तं ड्यूटीवर रायते."

त्यांचा मुलगा शेजारीच बसला होता, विशीतला. आईने हातांनी त्याला विषय सांगितला. मला २०२३ ची एक गोष्ट आठवली आणि मी ती तिथे सांगितली: त्या पुरातून बचाव पथकांनी ज्यांना हलवलं त्यांत कर्णबधिर मुलांच्या शाळेतले सुमारे चाळीस विद्यार्थी होते. तोवर तो मुलगा पुढे आला. माझ्या हातातला खडू घेऊन त्याने आपल्या घराला खिडकी काढली, शेजारच्या घरातून तिच्याकडे जाणारी रेघ ओढली आणि तिच्या टोकाला टॉर्च काढला. तीनदा उघडझाप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मी मारीन ना टॉर्च." तो तिथेच थांबला नाही. गल्लीतल्या आणखी घरांवर त्याने फुल्या मारल्या: एक म्हातारे आजोबा, एक बाळंतीण, एकटी राहणारी एक मावशी. तेव्हा ऑटोवाले भाऊ बोलले, "टिनावर पानी पडते तवा आमालेबी कुठी ऐकू येते भोंगा?"

आणि खरंच, टिनाच्या छपराखाली मुसळधार पावसात कोणालाच काही ऐकू येत नाही. योजना तिथे मुळापासून बदलली. भोंगा राहिला, पण दुय्यम. दहा घरांमागे एक माणूस, त्याने दार वाजवायचं, उजेड मारायचा, आतून उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. निरोपाचं वाक्यही ठरलं, म्हणजे कोणी 'तलाव फुटला' म्हणून पळापळ करणार नाही: "पानी वाढून राह्यलं, म्हाताऱ्याईले आन लेकराईले घेऊन शाळेत चला."

शाळा रात्री बंद असते. चावी कोणाकडे? कोणालाच माहीत नव्हतं.

बातमी इथे सापडली. रात्री दोन वाजता वस्तीला पेपर उठवणार नाही, तो साहेबांच्या टेबलावर सकाळी पोचतो. म्हणून त्यात साहेबांनी करायच्या गोष्टी हव्यात. एका पानाची प्रेस नोट केली. पहिल्याच ओळीत मागणी: पुराच्या रात्री शाळा उघडणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन नंबर जाहीर करा. दुसरी मागणी नाल्याच्या तोंडाशी साचलेला गाळ काढण्याची. खाली बोलणाऱ्या दोघींची नावं आणि फोन. वार्ताहर दुपारी चारच्या आत मजकूर मिळाला तर खूश असतात, संध्याकाळी त्यांची धावपळ असते, म्हणून वेळही ठरवून घेतली.

जो वार्ताहर आला त्याला जुन्या पुराचे, रडणाऱ्या बायकांचे फोटो हवे होते. आजींनी त्याला सरळ फरशीवरच्या नकाशाशी नेलं. मुलाचा फोटो घ्यायचा का, हे आईला न विचारता त्यालाच विचारावं असा मी आग्रह धरला. त्याने मान हलवली आणि खडू हातात धरूनच उभा राहिला.

बातमी आतल्या पानावर आली, पण मागणी शीर्षकात होती. आठवडाभरात शाळेच्या शिपायाचा नंबर मिळाला आणि दुसरी चावी ऑटोवाल्या भाऊंकडे आली. नाल्याच्या तोंडचा गाळ अर्धाच निघाला, पुलाकडचा तसाच आहे. त्यासाठी गटाने दुसरी नोट स्वतःच लिहिली. मला फक्त वाचायला पाठवली, आणि तिच्यात बदलण्यासारखं काही नव्हतं.