कॉर्कमधला नववा दिवा

डिसेंबरात इकडे आयर्लंडमध्ये कॉर्कला साडेचारलाच अंधार पडतो, वर वाऱ्यासोबत तिरका पाऊस. तरी परवा ऑफिसमधून लवकर निघाले आणि शालोम पार्क गाठलं. छोटंसंच पार्क आहे, जुन्या गॅसवर्क्सजवळ, नऊ दिव्यांचे खांब. आठ नेहमीचे. नववा वर्षातून एकदाच लागतो, हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या शेवटच्या संध्याकाळी, तोही थोडाच वेळ.

बाजूच्या बुटक्या विटांच्या घरांना लोक अजून ज्यूटाऊन म्हणतात. 1880 नंतर रशियाच्या झारच्या राज्यातून, लिथुआनियातून ज्यू माणसं आली, बरीचशी अक्मियान या एकाच गावची. (बंदरावर उतरल्यावर हेच न्यूयॉर्क समजून थांबले अशी गोष्ट सांगतात, मला काही ती पटत नाही, गाववाले गाववाल्यांच्या मागे येतात, आपण पुण्याहून आलो तसेच!) मग दारोदार फिरून हप्त्याने माल विकायचा, पोरांना शिकवायचं. 1904 मध्ये लिमरिकला एका पाद्र्याने ज्यूंवर बहिष्कार घालायला लावला, तेव्हा तिथलीही काही कुटुंबं इकडे आली, त्यातल्याच एका घरातले जेराल्ड गोल्डबर्ग 1977 ला कॉर्कचे लॉर्ड मेयर झाले. त्याच वर्षी त्यांनी नदीवरचा एक पादचारी पूल उघडला, लोकांनी त्याचं नाव प्रेमाने ‘पासओव्हर’ करून टाकलं, ज्यूंच्या वल्हांडण सणाचं इंग्रजी नाव आणि वरून पलीकडे जाणं, दोन्ही एकातच.

ऐन भरात चारेकशे माणसं होती म्हणतात. पुढे पोरं डब्लिन, लंडन, इस्राएलला गेली. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, मिन्यान म्हणतात त्याला, आणि शेवटी शेवटी तेवढे जमेनात. साऊथ टेरेसवरचं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, 2016 ला बंद झालं. मला हे दहाचं फार लागलं. पैसा नाही, जागा नाही असं काही नाही, माणसंच नाहीत.

दिवा लागला तेव्हा आम्ही मोजून सात-आठ जण होतो, छत्र्या धरून. एक आजोबा टोपी काढून उभे राहिले, भर पावसात.

व्हिडिओ आईला पाठवला तर तिचा लगेच फोन, "अगं, आपल्या अलिबागला इस्राएल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग आहे ना, तुझी आजी तिथल्या ज्यूंना शनिवारतेली म्हणायची, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून. आमच्या वर्गात दोघी होत्या, दोघी इस्राएलला गेल्या." मग त्या दोघींबद्दलच बोलत राहिली कितीतरी वेळ, एकीच्या घरच्या मलिद्याबद्दल, पोहे, नारळ, सुका मेवा. फोन ठेवून वर बघितलं तर दिवा विझला होता, आजोबा तिथेच होते.